आधीची दहा वचनं

अहिल्यानगर

प्रिय कृपा,

तुझा निरोप वाचला. व्हिसा, सामान, तिकीट, सगळं त्यात होतं. पण तुला खरं विचारायचं होतं ते शेवटच्या दोन ओळींत होतं. ही वाट देवानेच दाखवली आहे हे कशावरून समजायचं, आणि तिकडे गेल्यावर ती त्याची नव्हतीच असं वाटलं तर काय करायचं? फोनवर मला याचं नीट उत्तर देता आलं नसतं. मधेच कोणीतरी येतं आणि बोलणं तब्येतीवर आणि पाऊसपाण्यावर जातं. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

चिठ्ठीपासून सुरुवात करते. वर्षअखेरच्या रात्री उपासनेत तू वचनाची चिठ्ठी उचललीस, ती यिर्मयाच्या 29व्या अध्यायातल्या 11व्या वचनाची निघाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जर्मनीच्या रुग्णालयाचं नेमणूकपत्र आलं. तू दोन्ही एकत्र जोडलंस. ते मी खोडून काढणार नाही. देवाला बोलायचं असेल तर चिठ्ठी त्याला कमी पडत नाही. तू जिथे चालली आहेस त्या देशातही ही रीत जुनी आहे. जर्मनीच्या पूर्वेला सॅक्सनीत हेर्नहूट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मोरेव्हियन मंडळीने वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एक वचन चिठ्ठ्या टाकून काढायचं आणि त्याचं पुस्तक छापायचं, असं 1731 सालापासून चालवलं आहे. ते पुस्तक आजही दरवर्षी अनेक भाषांत निघतं. तुझ्या वॉर्डातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईंच्या उशाशी ते दिसलं तर त्यांना त्या दिवसाचं वचन वाचून दाखवायला सांग. तुझी भाषाही सुधारेल आणि त्यांनाही बरं वाटेल.

पण चिठ्ठीवर एकच वचन मावतं. देवाने तुमच्यासाठी योजना केली आहे, ती हिताची आहे, पुढे आशा आहे, एवढंच तिथे येतं. कॅलेंडरवर, भेटकार्डावर, लग्नपत्रिकेवर हेच वचन असतं, आणि ते वाचून आपल्या मनात येतं की आता सगळं सुरळीत होणार. म्हणून तुला माझं पहिलं सांगणं हे की त्या वचनाच्या आधीची दहा वचनं वाच. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे, आणि ते तुझ्यासारख्याच लोकांना लिहिलं होतं, आपली गल्ली, आपली भाषा, आपलं मंदिर सोडून परक्या शहरात पोचलेल्या लोकांना. फरक इतकाच की तू स्वतःहून जाते आहेस, त्यांना नबुखद्नेस्सर राजाने धरून नेलं होतं. यिर्मया यरुशलेमेत मागे राहिला होता. यहूदाच्या राजाचे दूत बाबेलला निघाले, त्यांच्या हाती त्याने हे पत्र पाठवलं.

त्या काळी दुसरा एक संदेष्टा लोकांना आवडेल असं सांगत होता. हनन्या त्याचं नाव. दोन वर्षांत बाबेलचं जोखड मोडेल, सगळे परत येतील, असं त्याने मंदिरात सर्वांसमोर सांगितलं. आदल्याच अध्यायात ते आहे. यिर्मयाने लिहिलं ते अगदी उलट होतं. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं लावा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या शांतीसाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीत तुमचीही शांती आहे. परतायचं म्हणशील, तर सत्तर वर्षांनी. आणि हे सत्तर वर्षांचं सांगून झाल्यावर, लगेच पुढच्या वचनात, तुझ्या चिठ्ठीतली ती योजना येते.

थोडा विचार कर. ज्या माणसाने ते पत्र पहिल्यांदा ऐकलं तो तेव्हा चाळिशीचा असला, तर परत जाणं त्याच्या आयुष्यात नव्हतंच. तरीही देव त्याला सांगत होता की तुझ्यासाठी माझी योजना चांगली आहे. ती योजना त्याच्या दृष्टीने कुठे होती? लावलेल्या मळ्यात होती, नातवंडांत होती, आणि ज्या नगराचा त्याला मनातून राग येत असणार त्याच नगरासाठी केलेल्या प्रार्थनेत होती. म्हणून मी तुला सांगते की ते वचन तुझ्यासाठी आलं असेल तर त्याच्या आधीची दहाही तुझ्यासाठीच आली आहेत.

आता तुझा प्रश्न. कशावरून समजायचं?

आपल्या मंडळीत अलीकडे तरुण मुलं खुणा फार मागू लागली आहेत. पाऊस पडला तर जावं, अमक्याचा फोन आला तर हो म्हणावं. गिदोनाचं उदाहरण देतात. त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि एकदा लोकर ओली नि जमीन कोरडी, दुसऱ्या वेळी लोकर कोरडी नि जमीन ओली, अशी खूण मागितली. देवाने ती दिली हे खरं. पण शास्तेचा 6वा अध्याय नीट वाचलास तर दिसेल की काय करायचं हे देवाने गिदोनाला लोकरीच्या आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर त्याच्या भीतीसाठी होती. देवाने त्या भीतीचं ओझं प्रेमाने सोसलं, याचं मला फार बरं वाटतं, आणि तुझ्या भीतीचंही तो सोसेल. पण निर्णयाचा आधार लोकर नव्हती.

मला तुझ्या बाबतीत चिठ्ठीपेक्षा इतर गोष्टी जास्त ठोस वाटतात. तुझ्या हाताला म्हाताऱ्या माणसांची सवय आहे. तुझे आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा कॉलेजातून येऊन तू त्यांची कूस बदलायचीस, पाठीला पावडर लावायचीस, त्यांच्या पाठीला एकही जखम होऊ दिली नाहीस. त्या वेळी तुला कोणी ते शिकवलं नव्हतं. जर्मनीत म्हाताऱ्यांची संख्या मोठी आहे आणि नर्स कमी आहेत, हे साऱ्या जगाला माहीत आहे. 2024 साली आपल्या राज्य सरकारनेही तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे गरज आहे, इकडे तुझ्या हातात कौशल्य आहे. पाळकसाहेबांनी तुझ्याबरोबर बसून सगळं ऐकून घेतलं आणि जा म्हणाले. जर्मन भाषेची बी-2 परीक्षा पहिल्यांदा राहिली तरी तू पुन्हा अभ्यासाला बसलीस आणि पास झालीस. देव माणसाला चालवतो तो बहुतेक वेळा अशाच साध्या गोष्टींतून, हे मी आयुष्यभर पाहत आले आहे. तू प्रार्थना केलीस, वडीलधाऱ्यांना विचारलंस, अंगातलं कौशल्य पाहिलंस, पुढची गरज पाहिलीस. आता आणखी खुणेसाठी थांबू नकोस.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त काळजी वाटते, कारण तो प्रश्न तुला तिकडेच सतावणार आहे. पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधार पडेल. तुझी पात्रता तिथल्या खात्याने पूर्ण मान्य करेपर्यंत तू मदतनीस म्हणूनच काम करशील. आंघोळ घालणं, भरवणं, अंथरूण बदलणं. इकडे बी.एस्सी. होऊन वॉर्ड सांभाळलेली मुलगी तिकडे सूचना नीट समजली नाही म्हणून मान खाली घालून उभी राहील. खोलीवर येशील तेव्हा इथे रात्र झालेली असेल, घड्याळात साडेचार तासांचं अंतर, मम्मी झोपलेली. तेव्हा तुझ्या मनात हमखास येईल की देवाने आपल्याला इथे पाठवलंच नव्हतं, आपण उगाच त्याचं नाव घेतलं.

तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांचा 16वा अध्याय काढ. पौलाला आशिया प्रांतात जायचं होतं, आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे वळला, तिकडेही वाट मिळाली नाही. शेवटी समुद्रकाठच्या त्रोवसला येऊन थांबला, आणि तिथे रात्री त्याला दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक माणूस उभा आहे आणि इकडे येऊन आम्हाला मदत कर म्हणतो आहे. याहून स्पष्ट मार्गदर्शन कोणाला मिळालं असेल? गलबत मिळालं आणि तो सोबत्यांसह मासेदोनियातल्या फिलिप्पैला पोचला. तिथे दृष्टान्तातला तो माणूस कुठेच भेटला नाही. शब्बाथाच्या दिवशी नदीकाठी काही बायका जमल्या होत्या, त्यांत लुदिया होती, जांभळी वस्त्रं विकणारी. ती मूळची थुवतीरा नगराची, आणि थुवतीरा त्याच आशिया प्रांतातलं, जिथे पौलाला जाऊ दिलं नव्हतं. मला हे दर वेळी थक्क करतं. जो प्रांत त्याच्यासाठी बंद झाला होता, तिथलीच बाई त्याला या परक्या किनाऱ्यावर आधी भेटली.

आणि पुढे काय झालं? वेताचे फटके, तुरुंगाची आतली कोठडी, पाय खोड्यात. दृष्टान्त पाहून निघालेला माणूस त्याच शहरात मार खाऊन अंधारात बसला. त्या रात्री पौल आणि त्याचा सोबती सीला देवाची गीतं गात होते असं शास्त्र सांगतं. आम्ही चुकीच्या गावी आलो असं ते एकमेकांना म्हणाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याच रात्री तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या. पुढे त्याच फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला पुन्हा पुन्हा मदत पाठवली, आणि तिला लिहिलेलं त्याचं पत्र आनंदाने भरलेलं आहे. ते त्याने पुन्हा कैदेतूनच लिहिलं.

कृपा, त्रास झाला म्हणजे वाट चुकली असं धरू नकोस. एवढं एक तू मनात घट्ट ठेवलंस तर या पत्राचं काम झालं.

आता मम्मीबद्दल. ती तुझ्याशी नीट बोलत नाही आहे, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळलं. ती माझी भाची, मी तिला लहानपणापासून ओळखते. तुला वाटतं आहे की देवाने मला स्पष्ट दाखवलं आहे, मग हिला का दिसत नाही. यावर मी तुला लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगते. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ तू शाळेत धड्यापुरतं वाचलं असशील. पूर्ण वाच. देव माणसाला कसा चालवतो यावर मराठीत याहून प्रामाणिक पुस्तक नाही असं माझं मत आहे, आणि त्यांनी ते त्यासाठी लिहिलंही नव्हतं.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म 1868चा. लहान वयातच 1880 साली नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, विद्वान, मनस्वी माणूस, कधी घरातून निघून जातील याचा नेम नसायचा. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. ते वाचत गेले, झगडत राहिले, आणि फेब्रुवारी 1895मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना देवाचं बोलावणं लख्ख दिसलं होतं. पण लक्ष्मीबाईंना काय दिसलं? त्यांना दिसलं की नवरा गेला, लहान मूल पदरात आहे, समाजात तोंड दाखवायला जागा नाही. त्या खचून गेल्या, आजारी पडल्या. मग नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या.

टिळकांचा विश्वास काही त्यांना आयता मिळाला नाही. पुढे त्या इथे आपल्या नगरला आल्या, तरी आरंभी त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. सोवळंओवळं सुटेना. नवऱ्यावर माया होती, पण त्याचा देव त्यांचा नव्हता, आणि नसताना आहे असं दाखवायला त्या तयार नव्हत्या. मला त्यांचा हा खरेपणा फार मोठा वाटतो. मग हळूहळू, स्वतःच्या डोक्याने विचार करत करत, त्यांना वाटू लागलं की माणसामाणसांत हा भेद देवाने केलेला असणं शक्य नाही. त्यांच्या मनातला बांध तिथे फुटला. कोणी प्रवचन देऊन तो फोडला नव्हता. 1900 साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर पाच वर्षांनी.

ही पाच वर्षं देवाने वाया घालवली असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. त्या पाच वर्षांत जे घडलं त्याच्याच जोरावर त्या पुढचं सगळं पेलू शकल्या. परक्यांची अनाथ मुलं घरात वाढवली, प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची सेवा केली. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. त्या वयात माणूस पेन्शनचा हिशेब करतो, आणि यांनी नवीनच वाट धरली. त्या वाटेवरही लक्ष्मीबाई होत्या. 1919च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य नुकतंच सुरू झालेलं होतं, थोडेसेच अध्याय लिहून झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात साठाहून अधिक अध्याय घालून ते पुरं केलं. शाळेत न गेलेली ही बाई, घरीच अक्षरओळख झालेली. आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली निघाला तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. आयुष्याचा नवा टप्पा विशीतच येतो असं कोणी तुला सांगितलं तर हे लक्षात ठेव.

म्हणून मम्मीला घाई करू नकोस. तुझ्या प्रार्थनेचं उत्तर तिच्यावर लादू नकोस. ‘देवाने सांगितलं आहे’ असं म्हटलं की समोरच्या माणसाचं तोंड बंद होतं, विशेषतः आपल्यासारख्या घरांत. तिला बोलू दे. ती रडली तर रडू दे. तिचा देव तिच्याशी बोलेल, त्याच्या वेळेला. तू गेल्यावर तिच्यासाठीही आयुष्याचा वेगळा काळ सुरू होतो आहे, घर रिकामं होतं आहे, आणि तिला कोणी नेमणूकपत्र दिलेलं नाही. तू विमानात बसशील, नवीन शहर बघशील. ती मात्र तुझ्या रिकाम्या पलंगाची चादर बदलेल. तिच्याशी बोलताना हे ध्यानात असू दे.

तुझ्या मनात अजून एक सल आहे, तो तू कधी बोलून दाखवत नाहीस. तुला डॉक्टर व्हायचं होतं. गुण कमी पडले, वय वाढत होतं, म्हणून नर्सिंग घेतलंस. त्या बंद दाराचं तुला अजून दुखतं हे मला माहीत आहे. पंडिता रमाबाईही 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायच्या इराद्यानेच. त्याआधी दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच 1882 साली पतीही गेले, कडेवर लहानशी मनोरमा. सगळं गमावलेली ही बाई एका स्वप्नासाठी समुद्र ओलांडून गेली, आणि कानांनी साथ दिली नाही. कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण त्यांच्यासाठी बंद झालं. त्या संस्कृत शिकवू लागल्या. मग 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. स्वतःला जी पदवी मिळणार नव्हती, ती आपल्या नात्यातल्या मुलीला मिळताना पाहायला गेल्या. तिथे त्या बोलल्या, लिहिलं, माणसं जोडली, आणि त्या मदतीतून 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडलं. डॉक्टर झाल्या असत्या तर अनेकांना बरं करू शकल्या असत्या हे खरं. पण दुष्काळातल्या शेकडो निराधार मुलींना छप्पर मिळालं ते या दुसऱ्या वाटेवर. केडगावची जमीनसुद्धा त्यांनी फळबाग करून सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून घेतली होती. दुष्काळ आणि प्लेग आले, मुलींना ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं. पुण्याहून रेल्वेने दौंडला येताना केडगाव लागतं, तू किती वेळा तिथून गेली असशील.

एक गोष्ट मात्र मी झाकून ठेवणार नाही. रमाबाईंचा शेवट सुखाचा झाला असं म्हणता येत नाही. ज्या मनोरमेच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती 1921 साली आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, बायबलच्या आपल्या मराठी भाषांतराचं काम पुरं करून. देवावर भरवसा ठेवला म्हणून त्यांचं दुःख चुकलं नाही. आपल्या उपासनेत साक्षी देताना लोक नेहमी शेवट गोड झालेल्या गोष्टी सांगतात. मी काही तुला तशी हमी देणार नाही. इतकंच सांगेन की त्यांनी शेवटपर्यंत आपल्या देवाला सोडलं नाही, आणि त्या ज्या देवाविषयी बोलत होत्या त्याला मीही ओळखते.

आता माझंही सांगते. मी मिरजेला नर्सिंगला गेले ते डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. घरची आठवण यायची, पाय दुखायचे, रात्रपाळीत भीती वाटायची. तिथल्या एका ज्येष्ठ परिचारिकेने मला निर्गमचा 16वा अध्याय वाचायला लावला. मान्ना रोज सकाळी पडायचा आणि त्या दिवसापुरताच गोळा करायचा; उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. ‘आजच्या पाळीपुरतं बळ माग’, असं त्या म्हणायच्या. तीन वर्षांचं कसं होईल हे विचारणं मी सोडून दिलं. तेव्हापासून माझी सकाळची प्रार्थना छोटी आहे. देवाने पुढच्या दहा वर्षांचा नकाशा मला कधीच दिला नाही, आणि आता या वयात तो मिळावा असंही वाटत नाही. या दिवाळीनंतर मीही हे घर सोडून पुण्याला मुलाकडे राहायला जाते आहे. अब्राहामाने हारान सोडलं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, मी त्याच्या जवळपासच आहे. सामान आवरताना रोज काहीतरी हातात येतं आणि मी थांबते. म्हणून तुझी भीती मला पुस्तकातून कळलेली नाही, हे तू समज.

आता जे तू विचारलं नाहीस ते सांगते. देवावर भरवसा म्हणजे डोळे मिटून सही करणं नव्हे. करार मराठी किंवा इंग्रजीत नीट समजून घे. मधेच काम सोडलं तर प्रशिक्षणाचे, भाषेच्या वर्गाचे पैसे परत मागतील असं कलम त्यात आहे का, किती वर्षांसाठी आहे, राहण्याच्या जागेचं भाडं पगारातून कापणार का, हे सगळं विचार. आपल्या मंडळीत वकील आहेत, त्यांना दाखव. देवाने दिलेली बुद्धी वापरणं हाही त्याच्यावरचा विश्वासच आहे.

आणि तिकडे खरोखरच अन्याय होऊ लागला, तब्येत ढासळू लागली, तर परत ये. पौल तुरुंगात गात होता म्हणून तूही सगळं सोसलंच पाहिजेस असं मी म्हणत नाही. त्याच फिलिप्पैत दुसऱ्या दिवशी त्याने आपण रोमी नागरिक असल्याचं सांगून अधिकाऱ्यांना जाब विचारला, तेही त्याच अध्यायात आहे. नामी दुष्काळात मवाबात गेली, तिथे सगळं गमावलं, आणि बेथलेहेमला परत आली. परत येण्याने ती देवाच्या हातातून निसटली नाही. तिच्याबरोबर आलेल्या रूथच्या पोटी ओबेद झाला, आणि ओबेदाचा नातू दावीद. परत येताना तू माझ्याकडे येणार असशील तर कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी ये. पुण्याचा पत्ता पाठवीन.

पण हिवाळ्याचा अंधार, भाषेची लाज, घरची आठवण, एवढ्यासाठी परतू नकोस. ते दिवस सरतात. यिर्मयाने सांगितलं ते कर. खोलीत एक कुंडी ठेव, त्यात काहीतरी लाव. आपली भारतीय मुलं भेटतील त्यांच्याशी मैत्री कर, मराठी बोलायला मिळालं की जीव हलका होतो, पण तिथल्याच गावातल्या मंडळीत दर रविवारी जाऊन बस, प्रवचनातला एक शब्द कळला नाही तरी बस. त्यांच्या गीतांच्या चाली तुला ओळखीच्या वाटतील. आपल्या उपासनासंगीतात कितीतरी चाली तिकडूनच आल्या आहेत. रुग्णांची नावं पाठ कर, त्यांच्या मुलांची नावं विचार. आणि त्या शहरासाठी रोज प्रार्थना कर, त्याचं नाव घेऊन. तिथल्या महापौरासाठी, बसच्या ड्रायव्हरसाठी, तुला घाईघाईत रागावणाऱ्या वरिष्ठ नर्ससाठी. ज्या गावासाठी आपण प्रार्थना करतो ते गाव फार दिवस परकं राहत नाही, हा माझा मिरजेचा अनुभव आहे.

सोबत काय न्यावं असं विचारलं होतंस. मराठी पवित्र शास्त्र फोनमध्ये आहे ते ठीक, तरी छापील एक ने. ‘स्मृतिचित्रे’ची माझी प्रत मी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. तिच्या समासात मी तरुणपणी पेन्सिलीने बरंच काही लिहिलं आहे. त्यातल्या काही गोष्टींशी आता मीच सहमत नाही, तू तुझं ठरव. शेंगदाण्याची चटणी मी करून देते, हवाबंद डब्यात.

येत्या रविवारी उपासनेनंतर थांब. पाळकसाहेब आणि पंचमंडळी तुझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार आहेत. कराराची प्रत बरोबर आण. आणि मम्मीला घेऊन ये, तिला सांग की मावशीने बोलावलं आहे. त्या दिवशी तिच्यासाठीही प्रार्थना करायची आहे, तिचं नाव मी आधीच देऊन ठेवलं आहे.

तुझी,
मावशीआजी